प्रवासातील इन्सुलिन : गारवा हवा, बर्फ नको

मे महिन्याची सुटी लागली म्हणजे बंगळूरच्या रेल्वे स्थानकावर महाराष्ट्राकडे निघालेल्या कुटुंबांची लगबग दिसू लागते. समजा, अशाच एका कुटुंबातील बारा वर्षांची मुलगी आईबरोबर सोलापूर जिल्ह्यातील आपल्या आजोळी निघाली आहे. कपड्यांची पेटी, खाऊचा डबा, पाण्याच्या बाटल्या असे सारे सामान बांधून झाले आहे. परंतु आईच्या खांद्यावरील पिशवीत एक लहानसा डबा आहे, आणि त्याला ती क्षणभरही दृष्टीआड होऊ देत नाही. त्यात इन्सुलिनच्या दोन कुप्या आहेत. मुलीला मधुमेह आहे, आणि तो अशा प्रकारचा की, तिचे स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. दररोज सुईवाटे मिळणाऱ्या या औषधावर तिचे जीवन अवलंबून आहे.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले असल्याने तेथील उन्हाळा इतर ठिकाणांच्या मानाने सौम्य असतो. तरीही २४ एप्रिल २०१६ रोजी तेथील पारा ३९.२ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. गाडी गुंतकल, रायचूर, वाडी, कलबुर्गी ही स्थानके घेत सोलापूरकडे जाते, तो सहाशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा प्रदेश तर कडक उन्हाळ्याचाच होय. मे महिन्यात तेथे दुपारचे तपमान ४० अंशांच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यापुढे एस. टी.चा प्रवास, आणि आजोळच्या गावी विजेचा पुरेसा भरवसा नाही. अशा वेळी कुप्या कशा न्याव्यात? बहुतेकांच्या तोंडी सहज उत्तर येईल, “बर्फात घालून न्याव्यात.” नेमके हेच उत्तर धोक्याचे आहे. ते का, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम इन्सुलिन म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

इन्सुलिनचा रेणू

आपण खाल्लेल्या अन्नातील साखर रक्तात येते. ती पेशींच्या आत पोहोचावी, तेथे तिचा उपयोग व्हावा, यासाठी इन्सुलिन लागते. ते नसेल तर रक्तात साखर साठत जाते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळू लागते व त्यातून उत्पन्न होणारी आम्ले रक्तात साचतात. अतिशय तहान, वरचेवर लघवी, उलट्या, पोटदुखी, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास ही त्याची लक्षणे होत. त्वरित उपचार झाले नाहीत तर रोगी बेशुद्ध होऊन दगावूही शकतो. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिन वेगळे काढण्यात यश मिळविले, कॉलिप यांनी ते शुद्ध केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रोग्याला टोचण्यात आले. त्यापूर्वी या प्रकारचा मधुमेह झालेली मुले फार काळ जगत नसत.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. ५१ ॲमिनो आम्लांचे मणी दोन माळांत ओवलेले असावेत, एका माळेत २१ व दुसरीत ३०, अशी त्याची रचना आहे. मण्यांचा हा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढला व त्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु केवळ क्रम कळून भागत नाही. या माळा अवकाशात एका विशिष्ट रीतीने दुमडलेल्या असतात, आणि औषधाचा सारा गुण त्या दुमडणीत असतो. कुलपाच्या किल्लीचे दाते झिजले तर किल्ली तीच असूनही कुलूप उघडत नाही. तसेच येथे होते.

ही घडी नेमकी कशी आहे, हे ऑक्सफर्ड येथे डोरोथी हॉजकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९६९ साली उलगडून दाखविले. इन्सुलिनच्या स्फटिकांचे पहिले क्ष-किरण छायाचित्र हॉजकिन यांनी घेतले होते ते १९३५ च्या सुमारास. म्हणजे या एका प्रश्नाने त्यांची तीन तपे घेतली. त्या सहकाऱ्यांत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते. पुढे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परत आले आणि प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंच्या स्फटिकविज्ञानाचा पाया त्यांनी आपल्या देशात घातला. त्याच शहरातील बायोकॉन कंपनीने २००४ साली यीस्टच्या पेशींकडून तयार करविलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. इन्सुलिनच्या कथेत बंगळूरचा वाटा आहे तो असा.

१९६९ च्या त्या आराखड्यातून आपल्या प्रश्नाशी निगडित अशी एक गोष्ट दिसून आली. स्फटिकात इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती एकत्र येऊन बसलेले असतात. अनेक प्रकारच्या इन्सुलिनांत कुपीतील द्रवातही असे षट्क असते. या षट्कात असेपर्यंत रेणू सुरक्षित असतात. षट्क सुटले आणि सुटा रेणू उष्णतेने किंवा हिसक्यांनी आपली घडी मोडून बसला, तर तो तशाच दुसऱ्या रेणूंना चिकटतो. त्यांचे सूक्ष्म तंतू बनतात. असे तंतू झालेले इन्सुलिन पुन्हा पूर्ववत होत नाही.

उष्णतेचा शत्रू संथ, गोठण्याचा शत्रू तात्काळ

न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावे, असे उत्पादक सांगतात. वापरास काढलेली कुपी मात्र बहुतेक प्रकारांच्या बाबतीत सुमारे चार आठवडे २५ किंवा ३० अंशांपर्यंतच्या हवेत बाहेर ठेवता येते. प्रत्येक प्रकाराचा नेमका नियम वेष्टनातील पत्रकात दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा.

तपमान वाढले की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. दर १० अंशांना वेग सुमारे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रज्ञांचा एक स्थूल आडाखा आहे. म्हणून उष्णतेने होणारा ऱ्हास हा काळावर अवलंबून असतो. तासाभराने जे बिघडत नाही ते महिन्याभराने बिघडू शकते. याविषयी झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष अगदी एकसारखे नाहीत. पुदुच्चेरी येथील जिपमर या वैद्यकीय संस्थेतून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३२ व ३७ अंशांवर चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची शक्ती घटलेली आढळली. उलट, केनियातील एका निर्वासित छावणीत दिवसरात्र २५ ते ३७ अंशांमध्ये हेलकावे घेणारे तपमान प्रयोगशाळेत निर्माण करून जिनिव्हा विद्यापीठाने जो अभ्यास केला, त्यात चार आठवड्यांनंतरही शक्ती टिकून असल्याचे २०२१ साली जाहीर झाले. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध पुराव्यांची छाननी केली. न उघडलेले मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवले तरी उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची घट होत नाही, असे तीत म्हटले आहे.

या साऱ्यांतून प्रवाशाला धीर देणारी एक गोष्ट निश्चित होते. सावलीतील गरम हवेत काढलेल्या एका दिवसाने इन्सुलिन निकामी होत नाही. परंतु उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीची गोष्ट वेगळी. तिच्या आतील तपमान पन्नास अंशांपलीकडे जाऊ शकते. तेथे किंवा ऊन लागणाऱ्या खिडकीशी कुपी कधीही ठेवू नये.

आता गोठण्याचा विचार करू. पाणी गोठताना त्याचे शुद्ध बर्फ बनते, आणि त्यात विरघळलेली द्रव्ये बाजूला ढकलली जातात. जो थोडा द्रव उरतो त्यात इन्सुलिनच्या रेणूंची दाटी होते, ते बर्फाच्या स्फटिकांवर घासले जातात, त्यांची घडी मोडते आणि ते एकमेकांस चिकटतात. ढगाळ दिसणाऱ्या इन्सुलिनमध्ये औषधाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात. गोठल्यावर त्यांच्या गुठळ्या होतात व मग सुईत प्रत्येक वेळी सारखी मात्रा येत नाही. हे सर्व घडण्यास महिना लागत नाही. एकदाच गोठणे पुरेसे होते. बर्फ वितळल्यावर कुपी वरवर पूर्वीसारखी दिसली तरी ती टाकूनच दिली पाहिजे.

घरगुती शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यातील तपमान उणे १५ ते उणे २० अंशांच्या आसपास असते. तेथून काढलेली बर्फाची पिशवी प्रथम कित्येक वेळ शून्य अंशाच्या बरीच खाली असते. काळजी करणारी आई कुपी तिला अगदी चिकटवून कापडात गुंडाळते, आणि उष्णतेपासून वाचविण्याच्या प्रयत्नातच औषध गोठविते. उष्णतेने जे महिन्याभरात झाले असते, ते थंडीने गाडी सुटण्यापूर्वीच होऊन जाते.

आरोग्यसेविकेची पद्धत

हाच प्रश्न लस टोचणाऱ्या आरोग्यसेविकांपुढे नित्य असतो. खांद्याला अडकविलेल्या लहान पेटीत चार बर्फपिशव्या ठेवून त्या गावोगाव लसी नेतात. अनेक लसी गोठल्या की निरुपयोगी होतात. म्हणून बर्फपिशवी शीतकपाटातून काढल्याबरोबर पेटीत ठेवावयाची नाही, असा नियम आहे. ती काही वेळ बाहेर ठेवावयाची, आणि कानाजवळ धरून हलवावयाची. आत पाण्याचा खळखळ आवाज ऐकू आला की, बर्फ वितळू लागले व पिशवीचे तपमान शून्य अंशावर आले, असे समजावयाचे. बर्फ व पाणी एकत्र असेपर्यंत तपमान शून्यावरच स्थिर राहते, हा शाळेत शिकलेला नियम येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

घरातही असेच करावे. बर्फपिशवी वापरावयाचीच असेल तर खळखळ ऐकल्यावाचून ती डब्यात घालू नये. कुपी व पिशवी यांमध्ये टॉवेलाची जाड घडी असावी, आणि काच बर्फाला कोठेही टेकू नये.

माठाचे विज्ञान

परंतु याहून निर्धोक उपाय आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो म्हणजे मातीचा माठ. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरणारे पाणी बाहेरील पृष्ठभागावर येते व त्याची वाफ होते. या वाफेसाठी लागणारी उष्णता माठातूनच घेतली जाते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना मात्र सुमारे ५८० कॅलरी शोषल्या जातात. म्हणजे वजनाच्या मानाने ओले फडके बर्फाच्या सातपट उष्णता वाहून नेते, आणि तेही कधी न गोठविता.

या गारव्याला एक मर्यादा आहे, आणि ती हवेतील ओलाव्यावरून ठरते. तपमापकाचा फुगा ओल्या कापडाने गुंडाळून वाऱ्यावर धरला असता तो जितका खाली उतरतो, तितकीच ती मर्यादा. सोलापूरकडील कोरड्या दुपारी हवा ४० अंश व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर हे ओले तपमान सुमारे २३ अंश येते. उलट मुंबईत हवा ३३ अंश व आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ते सुमारे २९ अंश असते. प्रत्यक्ष माठ किंवा ओले कापड त्या मर्यादेच्या जवळ जाते, पण तेथे पूर्णपणे पोहोचत नाही. म्हणून ही युक्ती जेथे उन्हाळा सर्वांत कोरडा व कडक, तेथेच सर्वांत चांगली चालते. किनारपट्टीवर व पावसाळ्यात तिचा लाभ थोडा होतो.

आपल्या प्रवाशांना याचा उपयोग असा. कुपी प्रथम कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, म्हणजे तिच्यावरील चिठ्ठी भिजत नाही. त्या डबीभोवती ओले सुती फडके गुंडाळावे, ते वारा लागेल अशा जागी पण सावलीत ठेवावे व वाळू लागले की पुन्हा भिजवावे. बंद पेटीत कोंबलेले ओले फडके काही काम करीत नाही, कारण तेथे वाफ बाहेर पडूच शकत नाही. औषधाच्या दुकानांत पाणी शोषून फुगणाऱ्या स्फटिकांच्या पिशव्या मिळतात. त्यांचे तत्त्वही हेच होय. गावी पोहोचल्यावर शीतकपाट नसेल तर मोठ्या माठात ओली वाळू घालून तीत लहान मडके बसवावे आणि डबी त्या मडक्यात ठेवावी. वीज वरचेवर जात असली तरी या व्यवस्थेत खंड पडत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

शाळेतील विद्यार्थ्यांनी दोन सारख्या बाटल्यांत सारखेच पाणी भरावे. एक तशीच ठेवावी, दुसरीभोवती ओले फडके गुंडाळावे. दोन्ही सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवून दर पंधरा मिनिटांनी त्यांतील तपमान मोजावे व आलेख काढावा. मग तिसरी बाटली ओल्या फडक्यासह बंद पेटीत ठेवून पाहावी. हाच प्रयोग उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात करून दोन आलेख शेजारी ठेवले, म्हणजे आर्द्रतेचा प्रभाव कोणीही न सांगता ध्यानात येईल.

प्रवासात सांभाळावयाच्या आणखी गोष्टी

इन्सुलिन नेहमी हातातील पिशवीत असावे. विमानाच्या पोटातील सामानात ते देऊ नये. तेथे ते गोठण्याचा संभव असतो व सामान हरविण्याचीही भीती असते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी. एकूण गरजेपेक्षा अधिक साठा घ्यावा आणि तो दोन ठिकाणी विभागून ठेवावा, म्हणजे एक पिशवी गेली तरी दुसरी उरते. इन्सुलिनची लेखणी वापरणाऱ्यांनी काम झाल्यावर सुई काढून टाकावी. सुई तशीच राहिली तर तपमानाच्या चढउतारांबरोबर द्रव प्रसरण व आकुंचन पावतो, आत हवेचे बुडबुडे शिरतात आणि मात्रा चुकते.

टोचण्यापूर्वी कुपी उजेडात धरून पाहावी. जे इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ असावयास हवे ते गढूळ झाले असेल, त्यात तंतू किंवा कण दिसत असतील, अथवा ढगाळ प्रकारात हलके घोळवूनही गुठळ्या राहत असतील, काचेवर हिमासारखा थर चिकटला असेल, तर ते वापरू नये. मात्र डोळ्यांची ही परीक्षा पुरेशी नाही. शक्ती गमावलेले इन्सुलिनही कित्येकदा स्वच्छच दिसते. नेहमीची मात्रा घेऊन, नेहमीचे अन्न खाऊनही रक्तातील साखर चढतीच राहिली, तर नवीन कुपी उघडावी व डॉक्टरांना विचारावे. शंका आली म्हणून इन्सुलिन घेणेच थांबविणे हे सर्वांत घातक होय.

उष्णता सोसणारी औषधे

औषधाला गारव्यात ठेवण्याऐवजी औषधालाच उष्णता सोसावयास शिकवावे, असाही शास्त्रज्ञांचा प्रयत्न चालू आहे. सर्पदंशावरील प्रतिविष गोठवून, निर्वात जागेत त्यातील पाणी काढून भुकटीच्या रूपात दिले जाते. ते द्रवरूप प्रतिविषापेक्षा उष्णतेत अधिक टिकते आणि म्हणून शीतकपाट नसलेल्या गावांना सोयीचे पडते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी करोना विषाणूवरील लसीसाठी प्रथिनाचा एक तुकडा अशा रीतीने बदलून घेतला की, त्याची सुकविलेली भुकटी ३७ अंशांवर महिनाभर व १०० अंशांवर दीड तास टिकू शकली. हे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. ज्या संस्थेत विजयन यांनी प्रथिनांच्या घड्या वाचण्याची परंपरा निर्माण केली, तेथेच प्रथिनांची घडी अधिक पक्की करण्याचे हे काम झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पण अशी औषधे सर्वांच्या हाती येईपर्यंत आपल्या बारा वर्षांच्या प्रवाशाला आजचे इन्सुलिनच न्यावयाचे आहे. गाडी पहाटे रायचूर सोडून पुढे निघेल तेव्हा तिच्या आईने फडके पुन्हा एकदा भिजवून घ्यावे. डबीला ओलसर गारवा लागत असला, आतील कुपी बर्फाला टेकलेली नसली आणि तिच्यावर ऊन पडत नसले, तर आजोळी पोहोचल्यावर घेतलेली मात्रा बंगळूरला घेतलेल्या मात्रेइतकीच गुणकारी ठरेल. त्यासाठी लागले ते एवढेच : एक सुती फडके, थोडे पाणी आणि शाळेत शिकलेला बाष्पीभवनाचा धडा.